इंजिन बांधायचं, तेही बाईनं?

"ताई, हाफ इंजिन करावं लागेल."

स्कूटर किंवा रिक्षा चालवणाऱ्या बाईनं हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. सांगणारा हात पुसत पुसत, आपल्याकडे न बघता सांगतो आणि पाठोपाठ एक आकडा टाकतो. आपण 'बरं' म्हणतो. हाफ म्हणजे नेमकं किती, उरलेलं हाफ ठीक आहे हे कशावरून, नवं टाकलं म्हणतात ते खरंच टाकलं का, हे विचारायची आपल्याला सवय नाही. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, "तुम्ही साहेबांना पाठवा ना, त्यांना समजावून सांगतो." साहेब येतात. बऱ्याचदा साहेबांनाही काही कळत नाही, पण ते मान हलवतात आणि व्यवहार पुरा होतो!

मी लग्न होऊन मुळशी तालुक्यात आले ती पौड रस्त्याला लागून असलेल्या घरात. पुढे सासऱ्यांचं गॅरेज, मागे घर, मध्ये एक भिंत. पहिली काही वर्षं त्या भिंतीपलीकडे माझा चहाचा ट्रे तेवढा जायचा. मग हिशेबाची वही माझ्याकडे आली, मग सुटे भाग मोजून घेणं आलं, आणि आता अठरा वर्षं झाली, मी इंजिनं बांधते. 'बांधते' हा आमच्या धंद्यातला शब्द. उघडलेलं इंजिन घासूनपुसून, मापं घेऊन पुन्हा जोडणं म्हणजे इंजिन बांधणं. त्यामुळे जरा अधिकारानं सांगते : या कामातला सगळ्यात जोखमीचा भाग म्हणजे सिलिंडर आणि हेड बसवणं, आणि त्याला मनगटाची ताकद लागत नाही. क्रम लागतो, माप लागतं, स्वच्छता लागते. तरीही हे 'बायकांचं काम नव्हे' असं ठरलेलं आहे आणि त्याची किंमत बायकाच मोजतात. गिऱ्हाईक म्हणून मोजतात आणि कामगार म्हणूनही.

हाफ इंजिन म्हणजे वरचा अर्धा भाग. ज्यात पिस्टन वरखाली होतो ते नळकांडं म्हणजे सिलिंडर. त्यावरचं झाकण म्हणजे हेड, त्यातच व्हॉल्व्ह असतात. पिस्टनच्या अंगावर बांगड्यांसारख्या रिंगा. पेट्रोल जळतं ते या बंद जागेत, त्यामुळे सगळी उष्णता इथेच. मोटारीत ती पाण्यानं काढून नेतात, पण दारातली स्कूटर आठवा, तिला रेडिएटर नसतो. लुना आली १९७२ मध्ये, बजाजची चेतकही त्याच वर्षी. आपल्या आया-मावश्या ज्यावर पहिल्यांदा एकट्या बाजाराला गेल्या, त्या या गाड्या वाऱ्यावरच थंड व्हायच्या. आताच्या बहुतेक स्कूटरही तशाच. चहा बशीत ओतला की लवकर निवतो ना? पसरला की वारा जास्त लागतो. सिलिंडरच्या आणि हेडच्या अंगावर धातूच्या पातळ पात्यांचे थर असतात ते त्यासाठीच. पात्यांमध्ये चिखल, तेल, कचरा साठला की वारा लागत नाही आणि इंजिन आतून भाजत जातं.

मोटारींमध्ये असं इंजिन असलेली जगातली सगळ्यात नावाजलेली गाडी म्हणजे फोक्सवॅगनची बीटल, कासवासारख्या पाठीची. फर्डिनांड पोर्शे यांनी आखलेली ही गाडी १९३८ पासून बनू लागली आणि मेक्सिकोतल्या पुएब्ला इथे ३० जुलै २००३ रोजी शेवटची बाहेर पडली, तोवर २ कोटी १५ लाखांच्या वर बनल्या होत्या. (गाड्यांना बायकांची नावं द्यायला मात्र कधी कुणाची हरकत नसते. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४९ मध्ये आपल्याकडे छोटी मोटार बनवली तिचं नाव 'मीरा'. बिचारी कारखान्यातून बाहेर पडून बाजारात काही पोचलीच नाही.)

आता मुळशीत बीटल कुठून आली? मुळशी म्हटलं की पूर्वी लोकांना धरण आणि ताम्हिणी घाट आठवायचा, २०१८ च्या 'मुळशी पॅटर्न' सिनेमानंतर विकल्या गेलेल्या जमिनीही आठवतात. त्या जमिनींवर फार्म हाऊस झाली आणि फार्म हाऊसच्या शेडमध्ये शहरात जागा नसलेल्या जुन्या गाड्या आल्या. त्यातलीच ही एक, साठच्या दशकातली, पंधराशे सीसीची. मालकीणबाई सत्तरीच्या, गाडी त्यांच्या वडिलांची. अकरा पावसाळे ती शेडमध्ये उभी होती, आणि मुळशीचा पाऊस काय चीज आहे ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही. पंख्याभोवतीच्या पत्र्याच्या घेरात उंदरांनी भाताचा पेंढा, चिंध्या आणि प्लास्टिकचे तुकडे भरून संसार थाटला होता. ते न काढता कुणी इंजिन चालू केलं असतं तर अर्ध्या तासात कायमचं गेलं असतं.

हे इंजिन उघडं पाहण्यासारखं असतं. चार सिलिंडर, दोन डावीकडे दोन उजवीकडे, आडवे. प्रत्येक सिलिंडर सुटा, ओतीव लोखंडाचा. दोन-दोन सिलिंडरांवर मिळून एक अ‍ॅल्युमिनियमचं हेड. सिलिंडर आतून गंजून खड्डे पडले होते, म्हणून पिस्टनसकट नवा संच मागवला. नवा आला म्हणून तसाच बसवायचा नसतो. चारही पिस्टन मी दिवाळीच्या फराळासाठी घेतलेल्या डिजिटल काट्यावर वजन करून पाहिले. दहा ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल तर इंजिन थरथरतं.

मग रिंगा. एकेक रिंग सुटी सिलिंडरमध्ये सोडायची, पिस्टननंच ढकलून सरळ करायची आणि तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजनं मोजायची. इथे साधारण ०.३० ते ०.४५ मिलिमीटर हवी. कमी असेल तर रिंग तापून फुगली की टोकं एकमेकांना भिडतात आणि सिलिंडर ओरबाडला जातो. जास्त असेल तर दाब निसटतो, तेल वर येतं, निळा धूर निघतो. रिंगेवर 'टॉप' असं बारीक कोरलेलं असतं, ती बाजू वर. तिन्ही रिंगांची तोंडं तीन दिशांना फिरवून ठेवायची, एका रेषेत आली तर दाबाला सरळ वाट मिळते. पिस्टनच्या माथ्यावर बाण असतो, तो फ्लायव्हीलकडे. पिस्टन जरा गरम केला की त्याची पिन अंगठ्यानं आत सरकते, हातोडा घ्यायचा नाही. पिनेच्या टोकाला बारीक क्लिप बसवताना खालच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबायचं, कारण ती क्लिप सटकून आत पडली तर काय होतं हे ज्यानं इंजिन पुन्हा उघडलंय त्यालाच विचारा.

सिलिंडरच्या बुडाशी कागदी गास्केट घालून तो रिंगांवरून हलक्या हातानं सरकवायचा. इथवर सगळे करतात. पुढचं मात्र मला फार महत्त्वाचं वाटतं. दोन सिलिंडरांच्या मध्ये खालून एक वाकवलेला पत्रा बसवायचा असतो. किंमत किरकोळ. काम एवढंच, की वरून आलेला वारा सिलिंडरला वळसा घालून खालच्या बाजूलाही लागावा. तो बसवायचा राहिला तर काय होतं? लगेच काहीच नाही! इंजिन चालू होतं, आवाज छान येतो, पैसे देऊन घेऊन गाडी जाते. नंतर कधीतरी भर उन्हाळ्यात ताम्हिणीच्या चढाला इंजिन तापतं आणि दोष चालवणाऱ्याला दिला जातो. त्यात गाडी बाई चालवत असेल तर मग विचारूच नका. या इंजिनात तीन नंबरच्या सिलिंडरला आधीच वारा कमी मिळतो, कारण जुन्या रचनेत तेल थंड करायचा भाग नेमका त्याच्या वाटेत उभा असतो. १९७१ च्या मॉडेलपासून कंपनीनं तो बाजूला घेतला. म्हणजे ज्यानं हे शोधलं त्यालासुद्धा चुका दुरुस्त करायला वर्षं लागली, मग आमच्या धंद्यात घाई करून कसं चालेल?

पत्र्यानंतर आठ नळ्या. टोकांना घड्या असलेल्या, भाता असतो तशा. जुन्या नळ्या दबलेल्या असतात, त्या हळूहळू ओढून १९० ते १९१ मिलिमीटर लांबीच्या करायच्या, नव्या सिलांसकट बसवायच्या, जोडाची शिवण वर ठेवायची. मग हेड. सिलिंडर आणि हेड यांच्यामध्ये गास्केट नसतं, धातूवर धातू बसतो. मध्ये वाळूचा एक कण राहिला तरी दाब तिथून फुंकला जातो. म्हणून त्या दिवशी मी गॅरेजच्या पुढच्या भागात झाडूसुद्धा मारू देत नाही.

आणि आता ताकदीची गोष्ट. एका हेडला आठ नट. पहिल्या फेरीत सगळे १ किलोग्रॅम-मीटरपर्यंत, ठरलेल्या क्रमानं. मग थांबायचं, सगळ्या नळ्या जागेवर आहेत ना ते हातानं फिरवून पाहायचं. दुसऱ्या फेरीत, वेगळ्या क्रमानं, ३.२ पर्यंत. नंतरच्या इंजिनांत खिळे बारीक, आठ मिलिमीटरचे आले, त्यांना २.५ च. टॉर्क रेंचनं 'टक' केलं की हात थांबला पाहिजे. आमच्याकडचा एक पोरगा पान्याला पाइप अडकवून ओढायचा, 'अजून थोडा घेतो' म्हणत. त्या इंजिनाची खालची पेटी मॅग्नेशियमच्या हलक्या मिश्रधातूची, आटे त्यातच. जास्त कसलं की आटेच उपटून हातात येतात. शिवाय अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या दुप्पट फुगतं, म्हणजे इंजिन चालू झालं की नट आपोआप आणखी आवळले जाणार असतात. थंड असताना अंगातलं सगळं बळ लावणं हा इथे गुण नव्हे, गुन्हा आहे. शेवटी व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनावर ०.१५ मिलिमीटर. ती डोळ्यांना दिसते न दिसते एवढीच.

हे वाचून कुणी म्हणेल, बघा, बायकांचे हात नाजूक, त्यांना असली बारीक कामं छान जमतात. असे लेख लिहिताना 'पोळ्या लाटणारे हात इंजिनही बांधतात' असं म्हणायची रीतच आहे. मला ती पटत नाही. मला भाकरी थापता येते म्हणून रिंगा बसवता आल्या नाहीत. सासऱ्यांनी शिकवल्या म्हणून आल्या. आणि त्यांनी तरी का शिकवलं? मुलाला कंपनीतली नोकरी हवी होती, गॅरेज नको होतं, आणि त्यांना हिशेबापलीकडे विश्वासाचं माणूस हवं होतं. सुनेचं कौतुक म्हणून नव्हे, गरज म्हणून. एकदा शिकवायचं ठरल्यावर मात्र त्यांनी कसर ठेवली नाही. बसवलेलं हेड तीनदा काढायला लावलं आहे. नाजूक हात म्हणून गौरव केला की पुढे 'मग जड कामं राहू दे तुम्ही' असं येतंच, आणि जड कामाचा दर वेगळा असतो.

पुण्याच्या आसपास या विषयाला इतिहास आहे. १९७४ मध्ये टेल्कोच्या नोकरीच्या जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नयेत असं छापलं होतं. तेव्हा बंगळुरूला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णींनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. पुण्यात मुलाखत झाली, नोकरी मिळाली. त्याच आजच्या सुधा मूर्ती. आणि त्याच कंपनीच्या पुण्यातल्या कारखान्यात अलीकडच्या वर्षांत हॅरियर-सफारी जोडणारी महिलांची लाइन उभी राहिली. कायदाही काही मागे नव्हता! १९४८ च्या कारखाना कायद्यानं चालू यंत्राला तेल घालायला, साफ करायला बाईला मनाई केली होती, सुरक्षिततेच्या नावाखाली. बांधायला घेतलेलं इंजिन तर बंदच असतं, तिथे कुठला कायदा आडवा आला होता?

कारखान्यानं बाईला घेतलं, पण नाक्यावरच्या गॅरेजनं अजून घेतलेलं नाही. कारण सरळ आहे. कारखान्यात कामाची पद्धत लिहिलेली असते, टॉर्कचं हत्यार असतं, बस असते, स्वच्छतागृह असतं. आमच्या रस्त्यावरच्या गॅरेजांमध्ये यातलं काय असतं? पण एक फरक मला गॅरेजच्या बाजूनं दिसतो. लाइनवर एक बाई दिवसभर तेच चार बोल्ट कसते. गॅरेजमध्ये उघडण्यापासून चालू करण्यापर्यंत सगळं इंजिन तुमचं, काय टाकायचं काय ठेवायचं हा निर्णयही तुमचा. ज्या तालुक्यात जमिनी गेल्या आणि पोरी पिरंगुटच्या कारखान्यांत कंत्राटावर पॅकिंगला जातात, तिथे असं स्वतःचं कसब फार मोलाचं आहे.

२०१६ पासून राज्यात रिक्षा परवान्यांमध्ये महिलांना ५ टक्के वाटा मिळाला, अबोली रंगाच्या रिक्षा आल्या. चांगलंच झालं. पण रिक्षा चालवायला दिली, उघडायला कुणी शिकवलं? आमच्याकडे अशीच एक रिक्षावाली आली होती. दुसरीकडे हाफ इंजिन करून सहा महिने झाले नव्हते आणि निळा धूर सुटला होता. उघडून रिंगा सिलिंडरमध्ये टाकून मोजल्या, तर फट एक मिलिमीटरच्या वर. जुन्याच रिंगा धुऊन घातल्या होत्या, बिलात मात्र नव्या. पाच दिवस रिक्षा बंद, पाच दिवसांची कमाई बुडाली आणि फायनान्सचा हप्ता काही थांबला नाही. तिला मी ती फट दाखवली, गेज तिच्या हातात दिलं. ती म्हणाली, "एवढंच बघायचं होतं व्हय!"

एवढंच बघायचं असतं. मैत्रिणींनो, पुढच्या वेळी हाफ इंजिन म्हटलं की जुने भाग पिशवीत परत मागा. नवी रिंग सिलिंडरमध्ये टाकून फट मोजून दाखवा म्हणा. हेड टॉर्क रेंचनं कसणार की अंदाजानं, ते विचारा. काढलेले सगळे पत्रे परत लागले का, तेही पाहा, कारण आवाज कमी करायला किंवा आळसानं ते काढून ठेवायची सवय पुष्कळांना असते. चांगला मिस्त्री या प्रश्नांनी चिडत नाही, खूश होतो. जो चिडेल त्याच्याकडून गाडी उचलून आणा.

गॅरेजवाल्यांनाही माझं सांगणं आहे. एक पोरगी कामावर ठेवायची तर दाराला कडी असलेलं एक स्वच्छतागृह लागतं आणि पगार पोराइतका लागतो. आमच्याकडे ते स्वच्छतागृह मी हट्टानं बांधून घेतलं, त्याला एका इंजिन कामाच्या मजुरीहून फार जास्त खर्च आला नाही.

माझ्या धाकट्या जावेची मुलगी यंदा दहावी झाली. आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, पण त्या भरताना बहुतेक घरांत शिवणकामाचीच ओळ आधी वाचली जाते. एक वर्षात होतं, घरी बसून करता येतं, वगैरे. मोटर मेकॅनिकचा कोर्स दोन वर्षांचा. "हात काळे होतील, मग स्थळं कशी येणार?" असं जाऊबाई म्हणाल्या. मी त्यांना माझे हात दाखवले, नखांच्या कडेला काळं असतंच, रॉकेलनंही जात नाही. त्यावर त्यांनी, "तुमचं लग्न आधी झालं होतं," असं उत्तर दिलं, आणि ते खोटं नाही!

पोरीनं अर्ज भरला आहे. पहिला पर्याय मोटर मेकॅनिक, दुसरा डिझेल मेकॅनिक. तिसऱ्या ओळीत आईनं शिवणकाम लिहायला लावलं. यादी लागेपर्यंत ती दर रविवारी गॅरेजमध्ये येते. सध्या तिला एका रिक्षाचं हेड साफ करायला दिलंय आणि दोन व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासायला. एक बसलाय, दुसऱ्यातून अजून रॉकेल झिरपतंय.